गुरुवारचे डोस

माझा हात हलका आहे, असं लोक म्हणायचे. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते कळलंच नाही, असं सांगत पहिल्या डोसाचा माणूस दुसऱ्या डोसाला आणखी दोघांना घेऊन यायचा. मी रजेवर असले तर काही जण दारातूनच परत फिरायचे. त्या कौतुकावर मी बरीच वर्षं फुगून होते. या अंकासाठी लिहायला बसले आहे ती त्या कौतुकाचं पुढे काय झालं ते सांगायला. गमतीजमतीही आहेत. त्या आधी सांगून टाकते, कारण नंतर त्यांना जागा उरणार नाही.

मी नर्स. आधी चौदा वर्षं पालिकेच्या दवाखान्यात होते आणि मग टिळक रोडमागच्या एका गल्लीत, एका डॉक्टरांच्या खासगी लसीकरण केंद्रात. परदेशी जाणाऱ्यांना लशी टोचणं हे आमचं मुख्य काम. मी तिथे लागले तेव्हा पुण्यात दर दोन घरांआड कोणीतरी विमानात बसायच्या तयारीत होतं. नवं शतक लागताना संगणक बंद पडतील या धास्तीने तर मुलं भराभर अमेरिकेला निघाली होती. कंपनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दहा-बारा मुलं उतरायची. दिवसभर संगणकाला धाकात ठेवणारी ही मंडळी सुई बघितली की पांढरीफटक पडत. एक जण म्हणाला, "सिस्टर, प्लीज, जस्ट वन मिनिट, मी मेंटली प्रिपेअर होतोय." त्याची मानसिक तयारी पूर्ण होईपर्यंत माझं टोचून झालं होतं आणि मी कार्डावर पुढची तारीख लिहीत होते.

सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ मुलीकडे न्यू जर्सीला निघाले होते. मुलीने फोनवरून हिपॅटायटिसचे डोस घेऊनच निघा अशी तंबी दिली होती. ते खुर्चीत बसले, छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि मला म्हणाले, "बाई, एक सांगा. काविळीचा उपद्रव त्यांच्याकडे जास्त की आपल्याकडे?"

मी म्हटलं, "आपल्याकडे, काका."

"मग लस इथे राहण्यासाठी घ्यायला हवी होती. सत्तर वर्षं उशीर झाला. आता तिकडे जायला कशाला?"

"तिकडे जायला नको असेल तर परत येण्यासाठी घ्या. दंड पुढे करा."

काकांनी दंड पुढे केला. सुई निघाल्यावर म्हणाले, "टोचलंत? मला वाटलं, अजून बोलताय."

वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगते. कावीळ झाली की आपण सगळ्या काविळींना एकाच नावाने हाक मारतो, पण लशीच्या दृष्टीने त्यात दोन मुख्य बहिणी आहेत. एक दूषित पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून पोटात जाते, महिना-दोन महिने अंथरुणाला खिळवते आणि बहुधा निघून जाते. दुसरी 'ब', ती रक्तातून जाते. वापरलेली सुई, रक्ताची बाटली, नवरा-बायकोचा संबंध, बाळंतपण, या तिच्या वाटा. ती काही जणांच्या शरीरात कायमचं बिऱ्हाड करते आणि वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहते. हिच्या लशीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. बाटलीतलं औषध पातळ ताकासारखं दिसतं. आणि ही लस गोठली की कामातून जाते. ती गोठू न देणं हीच तिची सगळी निगा.

हे शेवटचं वाक्य मला माहीत नव्हतं.

कसं माहीत नव्हतं, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारत आले आहे. पालिकेच्या दवाखान्यात माझ्या हातात लस थंड ठेवायचं काम होतं ते पोलिओचं. पोलिओच्या थेंबांना बर्फ लागतो. जितकं थंड तितकं चांगलं, गोठलं तरी बिघडत नाही, वितळवून द्यायचं. ऊन लागलं की लस मेली, हे चौदा वर्षं माझ्या हाडात मुरलं होतं. बाकीच्या लशी सकाळी भांडाराच्या पेटीतून टेबलावर यायच्या आणि दुपारी उरलेल्या परत जायच्या. त्या पेटीत बर्फ किती, कुठे आणि का, हे भांडारवाला बघायचा. मी कधी विचारलं नाही.

केंद्रात फ्रिज माझ्या ताब्यात आला. जुना, एकदारी, वर बर्फाचा लहान कप्पा असलेला. मी त्याच्यावर पहारेकऱ्यासारखी नजर ठेवायची. डॉक्टरांच्या सौभाग्यवतींनी एकदा त्यात आम्रखंडाचा डबा ठेवला, तो मी त्यांच्या देखत बाहेर काढून टेबलावर ठेवला. त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टर मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "काळेबाई आहेत तोवर मला फ्रिजची चिंता नाही."

पुण्यात गुरुवारी वीज जाते. सकाळी जी जाते ती दुपार कलली की येते. मला बुधवारपासूनच त्याचा घोर लागायचा. म्हणून मी एक रीत पाडली. बुधवारी संध्याकाळी निघताना हिपॅटायटिसच्या बाटल्यांचा ट्रे मधल्या फळीवरून उचलून वर बर्फाच्या कप्प्यात सरकवायची. गुरुवारी वीज गेली तरी लस गारच राहायची. कोणी डोसासाठी आलं की बाटली काढायची, दोन्ही तळव्यांत धरून, गोठलेली असली तर वितळेपर्यंत, ऊब द्यायची, हलवायची आणि मग टोचायची. थंड औषध दंडात दुखतं, कोमट दुखत नाही. हात हलका असण्यातली ही माझी गुप्त युक्ती होती. बाटलीच्या तळाशी कधीकधी पांढरे कण बसलेले दिसायचे. 'वापरण्यापूर्वी हलवा' असं लिहिलेलंच असतं, म्हणून मी जोरात हलवायची. खोक्यात घडी घातलेला बारीक इंग्रजी अक्षरांचा कागद असायचा. तो मी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घालायची.

वर्षा केंद्रात आली ती अशाच एका गुरुवारी. यवतमाळकडची मुलगी. हडपसरच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती आणि तीन मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. आखातातल्या एका हॉस्पिटलात तिची निवड झाली होती आणि कागदपत्रांना सात-आठ महिने लागणार होते. तेवढ्यात तिन्ही डोस बसत होते.

"वीज नाही, खिडकीपाशी बस," मी म्हटलं. "आणि पुढच्या वेळी दुसऱ्या वारी ये, म्हणजे पंखा तरी मिळेल."

"दुसऱ्या वारी कशी येणार, सिस्टर? मला सुट्टीच गुरुवारची. हडपसरहून इथं येता-येता अर्धी सुट्टी बसमध्येच जाऊन राहिली."

मला ती आवडली. आमच्याच धंद्यातली होती, त्यामुळे टोचून घेतानाही तिचं लक्ष माझ्या बोटांकडे होतं. "तुम्ही बाटली तळहातात काहून धरता?" तिने विचारलं. मी मोठ्या ऐटीत तिला माझी युक्ती सांगितली. ती म्हणाली, "मी पण असंच करीन." तिसऱ्या डोसानंतर तिने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलं. निघण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत तिचं रक्त स्वच्छ होतं. ती विमानात बसली, तेव्हा मला माझीच मुलगी गेल्यासारखं वाटलं.

ती जाऊन वर्ष होत आलं असेल. एका औषध कंपनीने नर्सेससाठी हॉटेलात कार्यक्रम ठेवला. व्याख्यान आणि जेवण. आम्ही अर्थातच जेवणाकडे डोळे लावून गेलो होतो. व्याख्यात्याने दोन बाटल्या हातात घेतल्या, दोन्ही हलवल्या आणि टेबलावर शेजारी ठेवल्या. थोड्या वेळाने एक होती तशीच ताकासारखी राहिली. दुसरीत पांढरे कण खाली बसले आणि वर नितळ पाणी राहिलं. तो म्हणाला, "ही एकदा गोठलेली आहे. ही टोचली काय आणि पाणी टोचलं काय, फारसा फरक नाही." शेजारच्या बाईने मला विचारलं, "काय हो, बरं नाही का?" मी न जेवता निघाले. ते कण मी शेकडो वेळा बघितले होते आणि जोरात हलवून लोकांच्या दंडात घातले होते.

दुसऱ्या दिवशी दार लावून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून फ्रिज उघडला, वरचा कप्पा बघितला. मग म्हणाले, "काळेबाई, आता कोणाकोणाला सांगणार?"

"रजिस्टर आहे ना. नावं आहेत, फोन आहेत, तारखा आहेत."

"आणि सांगणार काय? तुमची लस मेलेली होती? प्रत्येकाची होती असंही नाही. ट्रे गुरुवारी वर, म्हणजे कुठली बाटली गोठली आणि कुठली आली त्याच दिवशी संपली, हे तुम्ही तरी सांगू शकाल का? नुसती घबराट होईल."

"पण डॉक्टर..."

"अहो, ती मुलं कीबोर्ड बडवतात. त्यांचा रक्ताशी संबंध येतो कुठे? उद्यापासून ट्रे मधल्या फळीवरून हलवायचा नाही. विषय संपला."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी केंद्र उभं करायला हयात घातली होती आणि ते घाबरले होते. मला हेही कबूल करायला हवं की ते उत्तर मला हवंच होतं. मी मान हलवली आणि सुटल्यासारखी बाहेर आले.

पण रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं. एका दुपारी मी वर्षाचं नाव काढलं आणि तिच्या तीन तारखा भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांशी ताडून बघितल्या. तिन्ही गुरुवार. बाकी बहुतेकांचं काही सांगता आलं नसतं, पण हिचं मला पक्कं माहीत होतं, कारण तिची बाटली मी तिच्या डोळ्यांदेखत तळहातात वितळवली होती. आणि सगळ्या रजिस्टरात रोज रक्तात हात घालणारी तीच होती. मी तिच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पत्र लिहायला घेतलं. पाकिटावर पत्ता लिहिला, आतला कागद कोराच राहिला. काय लिहावं ते सुचेना. नंतर ठरवलं की ती सुट्टीवर आली की समोरासमोर सांगू.

आणि ती आली. खजुराचा मोठा डबा घेऊन, केस कापलेले, जरा भरलेली, खूश. बाहेर बाकावर सात-आठ लोक डोसासाठी बसले होते. ती त्यांनाच सांगायला लागली, "या सिस्टरनीच दिले माझे तिन्ही डोस. घाबरू नका, काहीच कळत नाही, इतका हात हलका आहे."

माझं वाक्य तयार होतं. वर्षा, एक साधी रक्ततपासणी करून घे, लस लागली की नाही ते कळतं, आणि नसेल लागली तर पुन्हा तीन डोस घे. एवढंच. कारण सांगायचीही गरज नव्हती. पण बाकावरचे लोक माझ्याकडे बघून हसत होते, डॉक्टर केबिनच्या दारात उभे होते, आणि ती 'का?' विचारील याची मला भीती वाटली. मी म्हटलं, "तिकडे जपून काम कर गं."

"जपायचं काय त्यात, सिस्टर? काविळीचा पेशंट आला की बाकीच्या पोरी मागं मागं सरकतात. मी म्हणते, द्या मला, मी डोस घेतलेत. सगळे असे पेशंट मलाच देऊन राहिले आता. इतक्या घाईत वापरलेल्या सुईचं टोपणसुद्धा मी हातानंच लावते."

मी खजूर घेतला. आभार मानले. ती गेली.

पुढच्या वेळी ती आली ती डबा न घेता. राहण्याचा परवाना नव्याने करताना तिकडे पुन्हा रक्त तपासतात. तिच्या रक्तात 'ब' निघाली. पंधरा दिवसांत तिला देश सोडायला लावला. विमानतळावरून ती हडपसरला मैत्रिणींच्या खोलीवर बॅग टाकून थेट आमच्याकडे आली होती. पिशवीतून कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं. माझ्या अक्षरातल्या तीन तारखा, माझ्या तीन सह्या.

"डॉक्टर, तिन्ही डोस वेळेवर घेतले मी. मग काहून झालं हे?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "काही थोड्या लोकांच्या शरीराला ही लस लागूच पडत नाही, बाळ. तू दुर्दैवाने त्यातली असशील."

असे लोक असतात, हे खरं आहे. म्हणूनच ते वाक्य इतकं सहज बोलता आलं. वर्षाने माझ्याकडे बघितलं. ती नर्स होती. तिला दुसऱ्या नर्सकडून ऐकायचं होतं.

"असं असतं ना, सिस्टर?"

"असतं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी तिला धीर दिला. मोठ्या माणसाच्या शरीरातून ही कावीळ बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप जाते, तेव्हा पुन्हा तपासू. ती गावी गेली. ते सहा महिने मी देवासमोर बसून काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. तिच्या आईने एका माणसाकडे नेऊन तिच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. ती माळ जसजशी वाढत खाली उतरेल तसतशी कावीळ उतरते, अशी समजूत आहे. सहा महिन्यांनी पुण्याला परत आल्यावर वर्षा हसत हसत सांगत होती, "मी नर्स, सिस्टर, आणि माझ्या डोक्यावर माळ! पण आईला नाही कसं म्हणू?" हसता हसताच तिने रिपोर्ट पुढे केला. कावीळ गेली नव्हती.

आखाताची दारं बंद झाली. पुण्यातल्या दोन हॉस्पिटलांत तिने अर्ज केले आणि दोन्हीकडे स्वतःहून आजार सांगितला. सुईच्या कामाला कोणी घेईना. मी तिला म्हटलं, सांगायची काय गरज होती? ती म्हणाली, "पेशंटशी खोटं कसं बोलायचं, सिस्टर?" हे तिने मला विचारलं. शेवटी लोणी काळभोरच्या एका दवाखान्यात ती केसपेपर लिहायला लागली. आत ड्रेसिंग चाललं असलं की उठून दारात उभी राहते आणि नव्या मुलींना तिथूनच सांगते, असं नाही, तसं धर. तिच्यासारखी शिरेत सुई घालणारी पोर पुन्हा बघितली नाही, असं तिच्या जुन्या हॉस्पिटलातल्या नर्सेस म्हणायच्या.

डॉक्टर वारले. केंद्र बंद झालं आणि रजिस्टरं रद्दीत गेली. मी निवृत्त होऊन धायरीला राहते. त्या रजिस्टरांतली मुलं आज चाळिशी-पन्नाशीची असतील, कुठल्या कुठल्या देशांत. त्यांतलं कोणी हे वाचत असेल, टिळक रोडमागच्या गल्लीतली खिडकीपाशी टोचणारी बाई आठवत असेल, तर रक्त तपासून घ्या. कार्डावर विसंबू नका. तेव्हा एका फोनचं काम होतं ते मी आता छापून करते आहे, आणि ते कोणापर्यंत पोहोचेल असं मला वाटत नाही. एक अंक वर्षाला पाठवायचा आहे. पाकिटावर पत्ता लिहून ठेवला आहे. पत्ता मी मागेही एकदा लिहिला होता.

केंद्र बंद व्हायच्या थोडं आधी ती शेवटची आली होती, तो दिवस सांगून थांबते. बरोबर धाकटी बहीण होती, प्रीती. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि कॉलेजात जायच्या आधी डोस हवे होते. मी म्हटलं, हडपसरलाच घ्यायचे, इतक्या लांब कशाला आलात? वर्षा म्हणाली, "माझं नशीब खराब होतं, लस थोडीच खराब होती? हिला तुमच्याच हातानं द्यायचे."

वार गुरुवारच होता. वीज नव्हती. मधल्या फळीवरून बाटली काढून मी ती खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, टेबलावर ठेवून बघत बसले, पुन्हा हलवली, पुन्हा बघितलं. लस चांगली होती. वर्षा म्हणाली, "इतकं काय बघता, सिस्टर?"

"काही नाही."

मी प्रीतीला टोचलं. वर्षाने आपल्या बोटाने तिच्या दंडावरचा कापूस दाबून धरला आणि तिला म्हणाली, "बघ, कळलं तरी का? म्हटलं नव्हतं तुला?"